फड पद्धतीची अवस्था कशी पारखावी?

खानदेशात, विशेषतः धुळे जिल्ह्यातील पांझरा नदीच्या खोऱ्यात, फड पद्धतीचे सिंचन सुमारे तीनशे वर्षांपासून चालत आले आहे. नदीत दगडी बंधारा, त्यातून निघणारा पाट, पाटाच्या चाऱ्या, चाऱ्यांपासून शेतापर्यंत जाणारे सारंग आणि जादा पाण्याला वाट देणारे सांडम, ही तिची बाह्य रचना होय. भिजणारी जमीन बहुधा चार फडांत विभागलेली असते. एका फडात एकच पीक घ्यावयाचे, हा तिचा मूळ नियम.

अशा जुन्या व्यवस्थेची तपासणी बंधाऱ्यापासून सुरू करणे स्वाभाविक आहे. सांध्यांतील चुना निघाला आहे काय, पायाखालून पाणी पाझरते काय, गाळ किती साचला आहे, हे प्रथम पाहावे. नंतर मधल्या चाऱ्या बंद ठेवून पाटाच्या मुखाशी व शेवटाशी प्रवाह मोजावा. समजा, मुखाशी सेकंदाला १०० लिटर पाणी शिरले व शेवटी ६० लिटरच पोहोचले, तर उरलेले ४० लिटर वाटेत मुरले किंवा कोणी वळविले, असे ठरते. मुखाशीच पाणी अपुरे असल्यास मात्र दोष पाटाचा नव्हे. तेथे वरच्या अंगाची धरणे, काठच्या विहिरींवरील उपसा व नदीतील वाळूचा उपसा यांचा विचार करावा लागतो.

परंतु फड म्हणजे केवळ बांधकाम नव्हे. पिके पंच ठरवितात, पाणी पाटकरी देतो, त्यावर देखरेख हवालदार करतो व पिकांची राखण जागल्या करतो. या अंगाची परीक्षा करताना भाषेच्या अभ्यासकाचा थोडा उपयोग होऊ शकेल. हे शब्द गावात ठाऊक असणे पुरेसे नाही. त्यांच्या पुढचे क्रियापद ऐकावे. ‘पाटकरी पाणी देतो’ आणि ‘पाटकरी पाणी देत असे’ या दोन वाक्यांत एका व्यवस्थेचे जीवनमरण सामावलेले असते. अर्थात वर्तमानकाळ कधीकधी केवळ सवयीने वा अभिमानाने येतो. म्हणून यंदाचा पाटकरी कोण व त्याला मोबदला काय, हेही विचारावे.

दुरुस्तीचा खर्च ठरविताना हा भेद निर्णायक ठरतो. बंधारा भक्कम, पण पंच ‘होते’ झालेले असतील, तर साफ केलेला पाट पुन्हा गाळाने भरेल. बंधारा गळका, पण हवालदार कामावर असेल, तर अल्प दुरुस्तीही टिकेल.