परतीचं जहाज

जानेवारी २०२४. माटुंग्यातल्या एका जुन्या हॉटेलात मी फिल्टर कॉफी घेत होते आणि शेजारच्या टेबलावर मालदीवला धडा शिकवायचा बेत शिजत होता. मालदीवचे नवे अध्यक्ष मुइझ्झू यांनी भारतीय सैनिकांना परत जायला सांगितलं होतं. सैनिक होते किती, तर शंभराच्या आत, दोन हेलिकॉप्टरं नि एक विमान सांभाळणारे. मे महिन्यापर्यंत ते परत आले, त्यांच्या जागी बिगरलष्करी तंत्रज्ञ गेले, आणि विषय संपला. पण टेबलावरच्या चौघांचा त्या सकाळी फार मोठा अपमान झाला होता. "आपल्याला जा म्हणतात म्हणजे काय!"

हे वाक्य मी १९८९ साली याच रस्त्यावर ऐकलं होतं. तेव्हा सैनिक चाळीस हजारांच्या वर होते आणि जा म्हणणारे होते श्रीलंकेचे अध्यक्ष प्रेमदासा.

दरवर्षी २४ मार्च येतो आणि जातो. १९९० साली त्या दिवशी श्रीलंकेत गेलेल्या भारतीय शांतिसेनेची शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून जहाजाने निघाली. आपल्याकडे ती तारीख कुणी पाळत नाही.

त्याआधीचा इतिहास मी थोडक्यात उरकते, कारण तो सगळ्यांनी सगळ्यांना सोयीप्रमाणे सांगून झाला आहे. १९४८ साली मळ्यांवरच्या तमिळांचं नागरिकत्व गेलं, १९५६ साली सिंहली ही एकमेव राजभाषा झाली, जुलै १९८३ मध्ये कोलंबोत तमिळांची घरं-दुकानं जाळली गेली. मग आपण तमिळनाडूत तिथल्या बंडखोर तमिळ पोरांना आसरा दिला, पैसा दिला, बंदुका चालवायला शिकवलं. इंदिराबाईंच्या काळात सुरू झालेला हा उद्योग सरकारी कागदावर कधीच नव्हता. मद्रासच्या रिक्षावाल्यांना मात्र तो ठाऊक होता.

१९८७ साली मी मुंबईतल्या एका मराठी दैनिकात उपसंपादक होते. रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'रामायण' लागायचं आणि रस्ते ओस पडायचे. त्याच वर्षी २९ जुलैला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे तेव्हाचे अध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला. दुसऱ्या दिवशी मानवंदनेच्या रांगेतल्या एका श्रीलंकन नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला. तो फोटो टेबलावर आला तेव्हा एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "लंकेत स्वागत असंच होतं, मारुतीला विचारा." सगळे हसले, मीही हसले. पण त्या विनोदात आम्ही काय गिळलं ते पाहा. आपण म्हणजे राम, समोरचा देश म्हणजे लंका, आणि सेतू एकदा बांधला की विजय ठरलेलाच. परतीच्या वाटेचा विचार करायला त्यात जागाच नव्हती.

त्या करारानुसार शांतिसेना गेली ती तमिळांचं रक्षण करायला. सुरुवातीला जाफन्यात तिला हारही पडले. सप्टेंबरात तिलीपन हा तमिळ वाघांचा, म्हणजे एलटीटीईचा, तरुण नेता नल्लूरच्या देवळापाशी भारताविरुद्ध उपोषणाला बसला, पाण्याचा थेंबही न घेता. बाराव्या दिवशी तो गेला. ५ ऑक्टोबरला, श्रीलंकेच्या नौदलाने पकडलेल्या वाघांपैकी बारा जण पलालीच्या तळावर सायनाइड खाऊन मेले. त्यानंतर आठवड्याच्या आत आपलं सैन्य वाघांचा म्होरक्या प्रभाकरन याच्याशी लढत होतं. ज्यांना आपण शिकवलं त्यांच्याशी. ११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर तेराव्या शीख लाइट इन्फंट्रीचे तीस जवान उतरवले. एकोणतीस मारले गेले आणि एक कैद झाला. काही दिवसांत आटपेल म्हणून सांगितलेलं काम अडीच वर्षं चाललं.

जाफन्याच्या लढाईत मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन होती, आठवी महार होती. पाचवी मद्रासही होती, म्हणजे तमिळ बोलणारे जवान तमिळ बोलणाऱ्या गावांत शिरत होते. आठव्या महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ रोजी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. ते जन्माने मुंबईकर, शाळा-कॉलेज एसआयईएसचं. मी कॉफी पीत होते तिथून फार लांब नाही.

त्या काळात मी एकच गोष्ट धरून बसले होते: सैन्य परत आणा. माझं म्हणणं साधं होतं. दोघांच्या भांडणात मध्यस्थ म्हणून गेलेला माणूस एकाला मारू लागला की तो मध्यस्थ राहत नाही, आणि दुसऱ्यालाही तो घरात नको असतो. झालंही तसंच. उत्तरेत तमिळ लोक शांतिसेनेच्या 'आयपीकेएफ' या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'इनोसंट पीपल किलिंग फोर्स' म्हणू लागले. दक्षिणेत आपल्या उपस्थितीवर सिंहली तरुणांच्या जेव्हीपी या संघटनेचं बंड पोसलं गेलं. त्यांनी भारतीय मालावर बहिष्काराचं फर्मान काढलं. तिथे मोठ्या कांद्याला 'बॉम्बे अनियन' म्हणतात, म्हणजे आमचा कांदाही आक्रमक ठरला. अखेर प्रेमदासांनी आपल्याशी लढायला वाघांनाच शस्त्रं पुरवली. यजमान आणि शत्रू एक झाले तरी दिल्लीत प्रतिष्ठेचा प्रश्न सुटेना.

मी लेख दिला. संपादकांनी तो आठवडाभर खणात ठेवला आणि छापला तेव्हा मथळा होता 'शांतिसेनेचे अपुरे कार्य'. माझ्या म्हणण्याच्या नेमकं उलट! "बाईमाणसाला युद्धातलं काय कळतं" हे मला जिन्यात ऐकू येईल इतक्या मोठ्याने बोलणारे गृहस्थ सीमेच्या सर्वात जवळ गेले होते ते वाघा पाहायला. सत्ता बदलली, व्ही. पी. सिंग आले, माघारीला वेग आला, आणि तेच गृहस्थ 'मी आधीपासून सांगत होतो' म्हणू लागले. शेवटची तुकडी मद्रासला उतरली तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. त्यांची कारणं मला समजतात. पण जवानांनी काय करायचं होतं? त्यांनी ना करार लिहिला होता, ना कुणाला सायनाइड दिलं होतं.

बाराशेच्या आसपास जवान गेले. त्यांचं स्मारक कोलंबोजवळ श्रीलंकेने उभारलं, म्हणजे ज्या देशाने जा म्हटलं त्याने. दिल्लीत राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या भिंतीवर त्यांची नावं आली ती २०१९ साली.

या अनुभवाचा उपयोग झालाच नाही असंही नाही. २००३ मध्ये अमेरिकेला इराकमध्ये आपली एक डिव्हिजन हवी होती, सतरा हजारांच्या घरातली. दिल्लीतल्या कित्येक शहाण्यांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. वाजपेयींनी ते १४ जुलैला नाकारलं. त्या दिवशी मी पेढे वाटले. त्यांच्या पक्षाला मी कधीच मत दिलं नसलं तरी.

पण हिशेब करायचा तर माझाही करायला हवा. शांतिसेनेच्या भरवशावर ईपीआरएलएफ या तमिळ गटाचं सरकार श्रीलंकेच्या उत्तर-पूर्वेत बसलं होतं, वरदराज पेरुमाळ मुख्यमंत्री. त्यांच्या 'तमिळ नॅशनल आर्मी'त आपल्या डोळ्यांदेखत मिसरूड न फुटलेली पोरं रस्त्यावरून उचलून भरती केली गेली. आपण निघालो आणि ती वाघांच्या तावडीत सापडली. पेरुमाळ भारतात निसटले. त्यांच्या गटाचे नेते पद्मनाभा जून १९९० मध्ये मद्रासमध्येच मारले गेले. माघार बरोबर होती, आजही मी तेच म्हणेन. वर्षभर आधी व्हायला हवी होती. पण आपण ज्यांना बंदूक हातात देऊन उभं केलं, त्यांचं काय करायचं, हा प्रश्न माघार मागणाऱ्या आम्हा लोकांपैकी फार थोड्यांनी विचारला.

परवा ते जुनं कात्रण काढलं. कागद पिवळा पडलाय, मथळा अजून तोच खोटा. लेखात आपल्या जवानांचे आकडे आहेत, खर्चाचे अंदाज आहेत, दिल्लीला चार टोमणे आहेत. 'तमिळ' हा शब्द दोनदा आला आहे, आणि दोन्ही वेळा त्याच्या पुढे 'अतिरेकी' आहे. तो मात्र संपादकांनी घातलेला नाही.