दुखत नाही, मग कशाला?

नाशिकमध्ये कॉलेज रोडला जा, सिडकोत जा, नाहीतर पंचवटीत, दातांच्या दवाखान्याची पाटी शोधावी लागत नाही. म्हसरूळला १९९८ साली स्थापन झालेलं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. राज्यभरातली कितीतरी दंत महाविद्यालयं त्याच्याशी संलग्न आहेत. पंचवटीत महात्मा गांधी विद्यामंदिराचं दंत महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. म्हणजे शहरात दंतवैद्यांची वानवा नाही. तरीही माणूस त्यांच्या खुर्चीत जाऊन बसतो तो बहुतेक वेळा रात्रभर ठणका सोसल्यावर. घरातलं कुणीतरी कधीपासून म्हणत असतं, "एकदा दाखवून ये." त्यावर ठरलेलं उत्तर असतं, "दुखत नाही, मग कशाला?"

दातांबद्दल लोक जे काही विचारतात, त्यातल्या निम्म्या प्रश्नांच्या मुळाशी हेच वाक्य असतं. दुखणं म्हणजे आजार आणि न दुखणं म्हणजे तब्येत, हा हिशेब तोंडात चालत नाही.

दाताचं बाहेरचं कवच, इनॅमल, हा आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. त्यात मज्जातंतू नसतात. त्यामुळे कीड कवचात असेपर्यंत काहीच जाणवत नाही. ती आतल्या डेंटिनच्या थरात उतरली की गार पाणी किंवा गोड खाल्ल्यावर कळ येते आणि क्षणात जाते. इथे दाखवलं तर साध्या भरणीवर काम भागतं. पण कळ गेली म्हणून आपण विसरून जातो. पुढे कीड गाभ्यापर्यंत पोचते. रक्तवाहिन्या आणि नसा तिथेच असतात, आणि भोवती कठीण भिंती असल्याने सुजेला पसरायला जागा नसते. म्हणून तो जीवघेणा ठणका, आणि आडवं पडलं की तो वाढतो, कारण डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो. मग काही दिवसांनी एकाएकी सगळं शांत होतं. लोक म्हणतात, लवंगेच्या तेलाने बरं वाटलं. लवंगेतल्या युजेनॉलने नस तात्पुरती बधिर होते हे खरं, पण ठणका कायमचा थांबला असेल तर बहुतेक वेळा आतली नस मेलेली असते. जंतुसंसर्ग मुळाच्या टोकाकडून हाडात उतरत राहतो आणि केव्हातरी गालावर सूज घेऊन वर येतो. दुखायचं थांबलेला दात दुखणाऱ्या दाताइतक्याच तातडीने दाखवायला हवा.

अशा दाताला वाचवायची वाट म्हणजे रूट कॅनाल. त्याची धास्ती अजून गेलेली नाही. प्रत्यक्षात भूल देऊन आतली सडलेली नस काढतात, मुळांच्या नळ्या धुऊन स्वच्छ करतात आणि त्यात गटापर्चा नावाचा, झाडाच्या चिकापासून मिळणारा पदार्थ भरून त्या बंद करतात. भीती वाटते ती मूळ दुखण्याची. हा उपचार ते दुखणं संपवण्यासाठीच असतो. "पुन्हा कॅप कशाला? हा खर्च वाढवायचा प्रकार आहे का?" हा प्रश्न लोक डॉक्टरांना कमी आणि घरी येऊन जास्त विचारतात. किडीने आणि उपचाराने दाढेचा बराचसा भाग गेलेला असतो. उरलेल्या भिंतींवर चावण्याचा जोर आला की दाढ उभी चिरते, आणि तशी चिरलेली दाढ बहुधा काढावीच लागते. दाढांना कॅप लागते ती यासाठी. पुढच्या दाताची झीज थोडी असेल तर भरणीवरही निभावतं. असा प्रश्न डॉक्टरांना तोंडावर विचारावा, एक्स-रे समोर धरून समजून घ्यावा.

दाढ काढायची म्हटली की आणखी एक भीती डोकं वर काढते: वरची दाढ काढली तर डोळे अधू होतात. ही समजूत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. वरच्या दातांची संवेदना ज्या नसेतून मेंदूकडे जाते, ती आणि दृष्टी वाहून नेणारी नस या पूर्णपणे वेगळ्या आहेत. दाढ काढल्याने नजर जात नाही. समजूत पक्की का झाली असावी, याचा मला अंदाज आहे: दात काढायची वेळ बहुतेकांवर चाळिशीनंतर येते आणि चष्माही त्याच सुमारास लागतो. धोका आहे तो वरची सडलेली दाढ तशीच ठेवण्यात. तिथला संसर्ग गालाच्या पोकळीत आणि क्वचित डोळ्याभोवतीही पसरू शकतो.

लहान मुलांच्या बाबतीत मला सर्वांत जास्त पोटतिडकीने सांगावंसं वाटतं. "दुधाचे दात पडणारच आहेत, त्यांच्यावर पैसे कशाला घालायचे?" असं शिकलेले आईबापही विचारतात. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात हे खरं, पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात. त्या खालून येणाऱ्या कायमच्या दातांची जागा राखतात. वेळेआधी काढल्या की शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि नंतर तारा लावायची पाळी येते. शिवाय दाढ दुखणारं मूल नीट जेवत नाही, झोपत नाही.

त्याहून मोठी चूक सहाव्या वर्षाच्या आसपास होते. दुधाच्या शेवटच्या दाढेमागे पहिली कायमची दाढ गुपचूप उगवते. तिच्यासाठी कुठला दात पडत नाही, म्हणून घरच्यांना ती दुधाचीच वाटते. ती किडते, आणि जन्मभर पुरायची दाढ दहाव्या वर्षीच निकामी होते. मूल सहा वर्षांचं झालं की टॉर्च लावून मागे पाहा. या दाढांवरच्या खोलगट भेगा किडण्याआधीच भरून बंद करता येतात. त्याला सीलंट म्हणतात. रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवायची सवय मोडा. तिसऱ्या वर्षापर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट पुरते, आणि ब्रश मोठ्यांनीच करून द्यायचा.

दिवाळीच्या सुट्टीत खेळताना पडून कायमचा दात मुळासकट निखळला, तर तो मुळाला न धरता वरच्या बाजूने उचलावा. माती लागली असेल तर हलकेच धुवावा, घासू नये. जमलं तर लगेच त्याच्या जागी बसवावा, नाहीतर थंड दुधात ठेवून दवाखाना गाठावा. अर्ध्या तासात पोचलं तर तो रुजण्याची आशा चांगली असते. दुधाचा दात मात्र असा परत बसवत नाहीत.

फराळाचं काय? साखर मिळाली की तोंडातले जंतू आम्ल तयार करतात, आणि तोंडातला सामू ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधली खनिजं विरघळू लागतात. लाळ ते भरून काढते, पण तिला अर्धा-पाऊण तास निवांत लागतो. म्हणून किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे महत्त्वाचं. जेवणाबरोबर दोन करंज्या खाणाऱ्यापेक्षा दिवसभर डब्यातून एकेक शंकरपाळी तोंडात टाकणाऱ्याचे दात जास्त किडतात. आपल्या निफाड-दिंडोरीकडे द्राक्षांच्या हंगामात दात आंबतात तेही आम्लामुळेच, आणि वाईनलाही हेच लागू. आंबट खाल्ल्यावर लगेच ब्रश करू नये. चूळ भरावी, अर्धा तास थांबावं.

तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते आणि "दात पांढरे करून द्या" ही मागणीही. आधी कीटण काढून दात साफ करून घ्यावेत. कित्येकांना तेवढ्यानेच समाधान मिळतं. साफ केल्याने दात हलायला लागतात, हा गैरसमज आहे. कीटणामुळे हिरडीने दाताला आधीच सोडलेलं असतं, ते निघाल्यावर सैलपणा जाणवतो इतकंच. ब्लीचिंग पेरॉक्साइडने करतात. त्याने काही दिवस दात शिवशिवतात, आणि कॅप किंवा भरणीचा रंग त्याने बदलत नाही. व्हेनिअरसाठी बहुतेक वेळा चांगल्या दाताचं इनॅमल थोडं घासावं लागतं. ते परत येत नाही. चार दिवसांच्या फोटोंसाठी विशीतल्या मुलीचे धडधाकट दात घासू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. कोळशाच्या पावडरी आणि लिंबू-सोडा यांनी दात झिजतात, आणि झिजलेल्या दातातून आतलं पिवळं डेंटिन अधिकच दिसतं.

दाढ काढल्यावर जागा रिकामी ठेवली तर बाजूचे दात तिरपे होतात, समोरचा दात खाली उतरतो. ब्रिज, कवळी किंवा इम्प्लांट यांतलं काय घ्यायचं हे हाड, वय आणि ऐपत पाहून ठरतं. इम्प्लांट ज्याचं करतात ते टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं, हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांना १९५२ च्या सुमारास सशांवरच्या प्रयोगात दिसलं, आणि १९६५ मध्ये त्यांनी माणसाच्या जबड्यात असं पहिलं इम्प्लांट बसवलं. मधुमेह ताब्यात नसेल किंवा तंबाखू चालू असेल, तर इम्प्लांट टिकण्याची शक्यता कमी होते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगावं, स्वतःच्या मनाने बंद करू नये.

आणि तंबाखू. तंबाखू असलेल्या पेस्ट आणि दंतमंजनांवर देशात १९९२ मध्ये बंदी आली, पण तव्यावर भाजून घरीच केलेली मशेरी आपल्या खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या हातून अजून सुटलेली नाही. "मशेरी लावली की दाढ दुखायची थांबते," असं त्या सांगतात. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आजार आत वाढत राहतो. सुपारी आणि गुटख्याने गालाची आतली त्वचा ताठ होते आणि तोंड उघडेनासं होतं. या आजाराला सबम्यूकस फायब्रोसिस हे नाव १९५३ मध्ये मुंबईच्या डॉ. जोशी यांनी दिलं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी हे रुग्ण येतच आहेत.

तोंडाच्या कॅन्सरची सुरुवात बहुधा अशीच, न दुखता होते. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, आपलीच तीन बोटं उभी धरून मावणार नाहीत इतकं आक्रसलेलं तोंड: यांपैकी एक जरी दिसलं तरी त्याच आठवड्यात तपासून घ्यावं. पैशांची अडचण असेल तर दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात जावं. तिथे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली तपासतात, वेळ जास्त लागतो, खर्च पुष्कळ कमी येतो. घरातली आजी मशेरी लावत असेल तर तिला "दुखतंय का?" असं विचारत बसू नका. "आ कर, बघू दे," म्हणा आणि गाल, जिभेच्या कडा, जिभेखालची जागा नीट उजेडात पाहा.