जाणाऱ्या ईमेलचा पहिला मुक्काम

ईमेल धाडले की ते थेट प्राप्तकर्त्याकडे जाते, अशी समजूत आढळते. वस्तुतः ते प्रथम आपल्या ईमेल-सेवादात्याच्या सर्व्हरकडे जाते व पुढील प्रवास तो सर्व्हर घडवितो. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सार्वजनिक इंटरनेट-सेवा सुरू केली. टेलिफोनवरून जोडणी करावयाच्या त्या काळी ही मध्यस्थी सोयीचीच होती. पलीकडील सर्व्हर बंद असल्यास पत्र राखून ठेवणे व पुनःपुन्हा प्रयत्न करणे हे काम सेवादात्याचे. ग्राहकाने फोन बंद केला तरी चाले.

हा व्यवहार एसएमटीपी या नियमावलीने चालतो. जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली मांडलेली ही नियमावली भाषाभ्यासकाने अवश्य पाहावी. तीत जवळजवळ सर्व चार अक्षरी आज्ञाच आहेत. इंग्रजी ‘हॅलो’मधील एक ‘एल’सुद्धा त्यापायी गाळला गेला! उत्तरे तीन अंकी: २५० म्हणजे मान्य, ५५० म्हणजे अमान्य. संवादात सांगितलेला पत्ता लिफाफ्यावरचा. पत्रातील पत्ता निराळा असू शकतो. पूर्वी अनेक सर्व्हर कोणाचेही पत्र पुढे पाठवीत. त्याचा दुरुपयोग वाढल्यावर नाव व परवलीचा शब्द विचारला जाऊ लागला, आणि १९९८ मध्ये पत्रे सोपविण्यासाठी ५८७ क्रमांकाचे वेगळे द्वार नेमण्यात आले.

मराठीचा प्रश्न येथे उद्भवतो. मूळ नियमावलीला १२८ चिन्हांपलीकडे काही ठाऊक नव्हते. १९९२ च्या माइम पद्धतीने मजकुरापुरती वाट काढली. ‘नाशिक’ या शब्दाची पाच संकेतचिन्हे यूटीएफ-८ मध्ये १५ बाइट व्यापतात आणि बेस-६४ पद्धतीने २० रोमन चिन्हांच्या वेषात प्रवास करतात. पत्त्याचे मात्र तसे नाही. ‘.भारत’ हे क्षेत्रनाम २०१४ पासून उपलब्ध आहे व त्याला रोमन प्रतिरूपही आहे. परंतु पत्त्यातील ‘अॅट’ चिन्हापूर्वीचे देवनागरी नाव असे बदलता येत नाही. त्यासाठी २०१२ ची पुरवणी वाटेतील प्रत्येक सर्व्हरने मान्य केलेली असावी लागते. एका देवनागरी पत्त्यावर प्रस्तुत लेखकाने धाडलेले पत्र पहिल्याच मुक्कामावरून परत आले. प्राप्तकर्त्याच्या सर्व्हरला त्याची वार्ताही नव्हती. म्हणून दोष पत्त्यास देण्यापूर्वी आपल्या सेवादात्याचा सर्व्हर अभिवादनाच्या उत्तरात ‘एसएमटीपीयूटीएफ८’ हा शब्द उच्चारतो की नाही, हे पाहावे.