कॉफीचा डाग आणि दाताची कीड

दातांवर तपकिरी झाक आली की माणसे घाबरून येतात आणि विचारतात, ‘‘डॉक्टर, कॉफी सोडावी लागेल का?’’ मंडळी, तो डाग दिसायला वाईट, पण बहुधा वरवरचा असतो. दवाखान्यात दात साफ करून घेतले की निघतो. दुधाच्या कॉफीचा डाग तर आणखी फिका, कारण दुधातले प्रथिन डाग पाडणाऱ्या टॅनिनसारख्या द्रव्यांना धरून ठेवते. मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची.

आपल्या घरांत कॉफी म्हणजे पाहुण्यांसाठी किंवा उपासाला, जायफळ लावून, साखर सढळ हाताने घालून केलेली. कप हातात आला की दहा मिनिटांत रिकामा. आता कचेरीत यंत्राची कॉफी मिळते, पेला संगणकाशेजारी असतो आणि काम करता करता एकेक घोट दोन दोन तास चालतो. खरी गोम इथेच आहे.

दातांवर जिवाणूंचा चिकट थर असतो. साखर मिळाली की ते काही मिनिटांतच आम्ल तयार करतात. सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताचे वरचे कवच, म्हणजे दंतवल्क, विरघळू लागते. मग लाळ हे आम्ल निवळवते, गेलेली खनिजे थोडीफार परत भरते. याला अर्धा तास, कधी तासभरही लागतो. घोटाघोटाने पिणाऱ्याच्या लाळेला ही सवडच मिळत नाही.

स्वीडनमधल्या व्हिपेहोल्म रुग्णालयात १९४५ नंतर झालेल्या प्रयोगांत हेच दिसले : जेवणाबरोबरच्या साखरेपेक्षा मधल्या वेळी वारंवार खाल्लेली चिकट मिठाई दातांना कितीतरी घातक ठरली. (हे प्रयोग बौद्धिकदृष्ट्या अपंग रुग्णांवर, त्यांच्या संमतीविना झाले. त्यांचा दाखला देताना हे सांगायलाच हवे.)

माझ्याकडे एक तरुण दात पांढरे करून घ्यायला आले होते. डाग झटकन निघाले. क्ष-किरण चित्रात मात्र दोन दाढांच्या फटीत कीड खोलवर गेलेली. दुखत नव्हते, म्हणून पत्ताच नव्हता.

बिनसाखरेची काळी कॉफीही किंचित आम्लधर्मी असतेच, पण ती जिवाणूंना साखरेसारखा खुराक पुरवत नाही. ज्येष्ठांनी अधिक जपावे. हिरड्या सरकून दातांची मुळे उघडी पडतात. त्यांवर दंतवल्क नसते, म्हणून ती सौम्य आम्लानेही झिजतात.

कॉफी जेवणानंतर, एका बैठकीत प्यावी आणि साध्या पाण्याने खळखळून चूळ भरावी. लगेच ब्रश घासू नये, कारण आम्लाने मऊ झालेला पृष्ठभाग खरवडला जातो. अर्धा तास थांबावे. रात्री ब्रश केल्यावर मात्र गोड कॉफीचा घोटही नको. झोपेत लाळ फारच कमी सुटते.