प्रवेशाची तागडी

व्यवसाय-व्यवस्थापन शिकविणाऱ्या पदव्युत्तर संस्थांत विद्यार्थी निवडावयाचा तो कोणत्या मापाने, हा प्रश्न वरवर पाहता मोठ्या शहरांतील सुशिक्षितांचा वाटतो. मला तो आज बुऱ्हाणपुराच्या एका गल्लीत उभे राहून विचारावयाचा आहे. तापीकाठच्या या गावात यंत्रमागांचा खडखडाट काही नवा नाही. व्यापाऱ्याने सूत द्यावे, मागवाल्याने कापड विणून परत करावे आणि मजुरी घ्यावी, अशी येथील पुष्कळ घरांची रीत आहे. सतराव्या शतकात तावेर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या येथून गेला, तेव्हा येथील तलम वस्त्रे इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जात असल्याचे त्याने लिहून ठेवले. म्हणजे व्यापार या गावाला कोणी शिकवावा अशी स्थिती नाही. तरीही व्यापाराच्या विद्यापीठात शिरण्यासाठी येथील मुलांना दूरच्या दारावर उभे राहावे लागते.

अशाच एका मागवाल्याच्या घरातील मुलगी डोळ्यांपुढे आणा. शाळा मराठीतून, महाविद्यालय हिंदीतून. सुताचा भाव चढला की मजुरी कोठे अडते, वीज चार तास गेली तर आठवड्याचा हिशेब कसा कोलमडतो, हे तिला पाठ आहे. तिच्यासाठी सर्वांत जवळची भारतीय व्यवस्थापन संस्था म्हणजे १९९६ साली स्थापन झालेली इंदूरची. तेथे जावयाचे तर प्रथम ‘कॅट’ ही सामाईक परीक्षा. भाषा, तर्क आणि गणित असे तिचे तीन भाग, आणि संपूर्ण प्रश्नपत्रिका इंग्रजीत. निकाल लागतो तो पर्सेंटाइलच्या रूपाने. ९५ पर्सेंटाइल याचा अर्थ शंभरांपैकी ९५ गुण असा नव्हे. परीक्षेस बसलेल्या शंभरांतील सुमारे पंचाण्णव जण आपल्या मागे राहिले, एवढाच. कोण पुढे, कोण मागे हे ही संख्या सांगते. कोण किती दुरून चालत आला, हे मात्र ती सांगू शकत नाही.

या उणिवेतूनच सर्वांगीण निवडीचा विचार पुढे आला. अर्जदाराचा एकच आकडा न पाहता त्याची शैक्षणिक वाटचाल, कामाचा अनुभव, लेखन, मुलाखत आणि तो कोणत्या परिस्थितीतून आला हे सारे एकत्र तोलावे, असे हे तत्त्व आहे. आपल्या व्यवस्थापन संस्था ते काही अंशी पाळतात. कॅटबरोबर दहावी-बारावीचे व पदवीचे गुण, नोकरीची वर्षे आणि मुलाखत यांना ठराविक भार दिला जातो. अहमदाबादच्या संस्थेत पदवीच्या शाखांचे गट पाडून प्रत्येक गटातील उत्तम उमेदवारांना संधी देण्याची रीत आहे; नाही तर सारा वर्ग अभियंत्यांचाच भरावयाचा. कोळिकोडच्या संस्थेने निकषांची फेरमांडणी केली, आणि तिच्या २०१३ च्या तुकडीत निम्म्याहून अधिक विद्यार्थिनी आल्या. निकष बदलले म्हणजे माणसे बदलतात, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

परंतु दहावीचे गुण! आमच्या त्या मुलीने पंधराव्या वर्षी, घरात माग आणि अभ्यास एकाच खोलीत चालू असताना मिळविलेले गुण बाविसाव्या वर्षीही तिच्या पाठीस लागावेत, हे सर्वांगीण मूल्यमापन खरे काय? कागदांची संख्या वाढविली म्हणून दृष्टी विशाल होत नाही. चार मापे एकाच प्रकारच्या घराला अनुकूल असतील, तर ती चार नसून एकच माप असते.

येथे आरक्षणाचा उल्लेख अवश्य केला पाहिजे, कारण या दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. केंद्रीय संस्थांत अनुसूचित जातींस १५ टक्के, अनुसूचित जमातींस ७.५ टक्के आणि इतर मागास वर्गांस २७ टक्के जागा आहेत. यांपैकी शेवटची तरतूद २००६ च्या कायद्याने झाली व सर्वोच्च न्यायालयाने ती एप्रिल २००८ मध्ये मान्य केली. २०१९ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी १० टक्क्यांची भर पडली. आरक्षण हा हक्क आहे आणि तो मोजता येतो. सर्वांगीण निवड हा निर्णय आहे, आणि तो निवडणाऱ्याच्या विवेकावर सोपविलेला असतो. एकाची जागा दुसऱ्याने घेता येत नाही.

विवेकावर सोपविलेल्या गोष्टीचे काय होऊ शकते, याचा इतिहास अमेरिकेत पाहावयास मिळतो. १९२० च्या सुमारास हार्वर्ड महाविद्यालयात परीक्षेच्या बळावर प्रवेश मिळविणाऱ्या ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण पाचव्या हिश्श्याच्या वर गेले. अध्यक्ष लॉवेल यांना ते रुचले नाही. त्यानंतर १९२६ पासून तेथे ‘चारित्र्य’ व ‘व्यक्तिमत्त्व’ यांना महत्त्व आले, अर्जासोबत छायाचित्र मागितले जाऊ लागले आणि ज्यूंची संख्या घटली. ‘संपूर्ण माणूस पाहू’ ही भाषा तेव्हा माणसे वगळण्यासाठी वापरली गेली. पुढे तीच भाषा कृष्णवर्णीयांना सामावून घेण्यासाठी वापरली गेली, आणि जून २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्याच्या पद्धतीला नकार दिला. १९०८ साली निघालेल्या हार्वर्डच्या व्यवसाय-विद्यालयाने दोन वर्षांच्या मुख्य अभ्यासक्रमात स्त्रियांना प्रवेश दिला तो १९६३ मध्ये, हेही लक्षात असू द्यावे.

तेव्हा मुलाखत नकोच, केवळ गुण पाहावेत, असे कोणी म्हणेल. महाराष्ट्रात बहुतांशी तसेच आहे: राज्याच्या सीईटीचे गुण, गुणानुक्रम आणि मध्यवर्ती प्रवेश. उच्चार कसा, पोशाख कसा, हे कोणी विचारीत नाही. हा त्याचा मोठाच गुण होय. पण तेथेही रेषा आहेतच. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरील वादग्रस्त भागातील मराठी भाषकांसाठी त्या नियमांत खास तरतूद आहे. बुऱ्हाणपुरच्या मराठी मुलीला ती नाही. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी नागपूर व बुऱ्हाणपूर एकाच राज्यात होती, ही गोष्ट प्रवेश-अर्जाच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही.

माझे मत मुलाखतीच्या बाजूचे आहे, आणि त्याचे कारण दयाबुद्धी नव्हे. अहमदाबादची संस्था १९६१ मध्ये उभी राहिली तेव्हा हार्वर्डच्या सहकार्याने तिने प्रकरण-पद्धती स्वीकारली. एखाद्या उद्योगाचा खरा पेच वर्गापुढे ठेवावयाचा आणि विद्यार्थ्यांनी वादातून मार्ग काढावयाचा. अशा वर्गात शिक्षकाइकाच शेजारचा विद्यार्थी शिकवितो. सर्वांचे अनुभव एकाच साच्यातील असतील, तर कापडाच्या गिरणीवरील चर्चा चालेल. पण मजुरीवर माग चालविणारा उधारी का नाकारू शकत नाही, हे त्या वर्गाला कोणीच सांगणार नाही. त्या मुलीच्या प्रवेशाने लाभ होतो तो वर्गाचाही.

मात्र ती मुलाखत मोकाट नसावी. कोणत्या गोष्टीला किती भार, हे अर्ज मागविण्यापूर्वीच छापून प्रसिद्ध व्हावे. परीक्षकांनी गुण परस्परांना न विचारता वेगवेगळे लिहावेत. प्रत्येकास मूळ प्रश्न तेच असावेत. आणि इंग्रजी अडखळले, तर उमेदवारास आपला विचार हिंदीतून अथवा मातृभाषेतून पुरा करू द्यावा. वर्गातील इंग्रजी वर्षभरात सुधारते.

परीक्षक बहुधा पहिला प्रश्न विचारतात तो ‘वडील काय करतात?’ हा. आमची मुलगी उत्तर देते, ‘माग चालवितात,’ आणि ते पुढच्या प्रश्नाकडे वळतात. त्यांनी वळू नये. मागे किती, सूत कोणाचे, गेल्या महिन्यात मजुरी किती आली आणि त्यातून वीजबिल किती गेले, असे विचारावे, आणि दहा मिनिटे ऐकावे.