वाटण घालण्याआधी दोन वाट्या

पावसाळ्यात भिवंडीत घरोघरी ताप असतो. अंग मोडून येते, तोंडाची चव जाते, समोरची भाजी-भाकरी नकोशी होते. अशा वेळी गॅसवर जे पातेले चढते, त्याला कुणाच्या घरी यखनी म्हणतात, कुणाच्या घरी अळणी, तर कुणी सरळ चिकन सूप म्हणते. नावे वेगळी, पण पदार्थ एकाच जातीचा: हाडांसकट शिजवलेल्या कोंबडीचा पातळ, बिनतिखट, गरम रस.

या रसाने आजारी माणसाला बरे वाटते, हा अनुभव जुना आहे. चरकसंहितेत अशक्त रुग्णासाठी मांसरस सांगितला आहे. बाराव्या शतकातील वैद्य मायमोनिडीस यांनीही कोंबडीच्या रसाची शिफारस केली होती. मग हे नुसते मनाचे समाधान आहे, की त्यात काही तथ्य आहे?

अमेरिकेत मायामी बीच येथील डॉक्टरांनी १९७८ मध्ये १५ निरोगी व्यक्तींवर एक छोटा प्रयोग केला. गरम पाणी आणि चिकन सूप घोट घोट प्यायल्यावर नाकातला शेंबूड पुढे सरकण्याचा वेग वाढला, थंड पाण्याने तो मंदावला. सूप गरम पाण्यापेक्षा किंचित सरस ठरले, पण परिणाम अर्ध्या तासातच ओसरला. पुढे २००० मध्ये नेब्रास्का येथील डॉ. स्टीफन रेनार्ड यांनी पत्नीच्या आजीच्या पद्धतीने केलेले सूप प्रयोगशाळेत तपासले. सर्दीत सूज वाढवणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची हालचाल त्याने मंदावली. मात्र हे काचेच्या नळीत दिसले, माणसाच्या शरीरात नव्हे. थोडक्यात, सूप हे औषध नाही. ते विषाणू मारत नाही.

तरीही त्याचा उपयोग आहे. तापात घामावाटे पाणी आणि मीठ जाते, ते सुपातून परत मिळते. वाफेने नाक मोकळे होते, घशाला शेक बसतो. भूक नसलेला माणूस ताट बाजूला सारतो, पण वाटीभर रस पितो. नुसत्या रसात प्रथिने फारशी नसतात, म्हणून त्यातले मऊ तुकडे आणि थोडा भातही खायला हवा.

करायला सोपे आहे. पाव किलो हाडांसकट चिकन, सव्वा लिटर पाणी, एक कांदा, सहा-सात लसूण पाकळ्या, इंचभर आले, आठ-दहा मिरी, पाव चमचा हळद आणि बेताचे मीठ. उकळी आली की झाकण ठेवून मंद आचेवर ४० ते ४५ मिनिटे शिजू द्या. वरची चरबी चमच्याने काढा आणि गरम असतानाच घोट घोट प्यायला द्या. कच्चे चिकन नळाखाली धुऊ नका. शिंतोडे उडून जंतू ओट्यावर आणि भांड्यांवर पसरतात. फ्रीज नसेल तर एका वेळेपुरतेच करा. दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर राहिलेले सूप पुन्हा उकळले तरी रुग्णाला देऊ नये. मांसाहार न करणाऱ्यांसाठी मुगाचे कढण किंवा भाताची पेज आहेच.

पण भिवंडीत खरा प्रश्न कृतीचा नाही, करणार कोण हा आहे. यंत्रमागावर काम करणारे हजारो कामगार घरापासून दूर राहतात. एका खोलीत अनेक जण, जेवण भिस्सीत, म्हणजे खाणावळीत. तिथे सगळ्यांना एकच तिखट रस्सा मिळतो. शिवाय कापड निघाले तर पैसे, म्हणून माणूस अंगात कणकण असतानाच मागावर उभा राहतो. अशा ठिकाणी एक साधी गोष्ट करता येईल. चिकन शिजले की वाटण घालण्याआधी दोन वाट्या रस बाजूला काढायचा. आपल्याकडे अळणी अशीच निघते. त्यासाठी वेगळे भांडे लागत नाही, वेगळा खर्च नाही. खोलीतल्या सोबत्याने फक्त आधी सांगायला हवे, ‘आज एक जण आजारी आहे.’

मात्र सूप पिऊन बरे वाटले म्हणून तपासणी टाळू नका. पावसाळ्यातला ताप डेंग्यू, मलेरिया किंवा लेप्टोचाही असू शकतो. ताप दोन दिवसांत उतरला नाही, तर मनपाच्या आरोग्य केंद्रात किंवा इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयात दाखवा. पुराच्या किंवा साचलेल्या पाण्यातून चालला असाल, तर दोन दिवसही थांबू नका. डेंग्यूत धोक्याचा काळ अनेकदा ताप उतरताना सुरू होतो. म्हणून ताप उतरला की लगेच कामावर जाऊ नका. पोटात जोराने दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, दम लागणे, ग्लानी किंवा लघवी कमी होणे, यांपैकी काहीही दिसले तर तातडीने रुग्णालय गाठा. डेंग्यूची शंका असेल तर अ‍ॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन टाळा. जुलाब असतील तर सुपावर विसंबू नका, ओआरएस द्या. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मीठ आणि पाणी किती घ्यायचे, हे डॉक्टरांना विचारावे.

निदान डॉक्टरांनी करायचे, उपचारही त्यांनीच. पण आजारी माणसाच्या पोटात काही गेले का, त्याला लघवी झाली का, तो बोलतोय का, हे शेजारी बसलेल्यालाच कळते. वाटी हातात देताना एवढे विचारायचे.