खुराक, काम आणि शरीराचे वजन

बैलांना काम नसले म्हणजे जाणता शेतकरी त्यांची पेंड कमी करतो आणि नांगरटीचे दिवस जवळ आले की ती पुन्हा वाढवितो. गाभण गाईच्या अंगावर फाजील मेद चढू दिला तर विताना तिला त्रास होतो आणि व्यायल्यावर ती वैरणीला नीट तोंड लावीत नाही, हेही त्याला अनुभवाने ठाऊक असते. जनावरांच्या बाबतीत पाळला जाणारा हा नियम मनुष्य स्वतःच्या बाबतीत मात्र सहसा पाळीत नाही. काम घटले तरी ताटातली भाकरी घटत नाही, आणि चहाची साखर तर वाढतच जाते.

पूर्वी मोटेच्या व नांगराच्या कामात जी शक्ती खर्ची पडत असे, ती आज ट्रॅक्टर, विजेचा पंप व ठिबक सिंचन यांनी वाचविली आहे. शेताकडे जाणे मोटारसायकलने होते. दळण गिरणीतून व पाणी नळाने येते. हे सर्व इष्टच आहे. कष्ट कमी व्हावेत म्हणूनच ही साधने आली. परंतु वाचलेल्या शक्तीचा हिशेब शरीर ठेवीत असते. न खर्चिलेले अन्न ते मेदाच्या रूपाने साठविते, आणि ही साठवण कमरेभोवती दिसू लागते.

हा प्रश्न खेड्यांचाही आहे

लठ्ठपणा हा शहरातील पेढीवर बसणाऱ्यांचा रोग, अशी समजूत अद्यापि आढळते. ती आता सोडून द्यावयास हवी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील प्रौढ स्त्रियांपैकी २४ टक्के व पुरुषांपैकी सुमारे २३ टक्के जादा वजनाचे आढळले. केवळ ग्रामीण भागाचा विचार केला तरी हे प्रमाण दर पाच जणांत एक, इतके भरते. त्याच पाहणीत सुमारे १९ टक्के स्त्रिया व १६ टक्के पुरुष प्रमाणाहून कृश होते, हेही विसरता कामा नये. एकाच आळीत, कधी कधी एकाच घरात, हे दोन्ही दोष नांदतात. यास्तव सरसकट सर्वांना 'कमी खा' असा उपदेश करणे अयोग्य व प्रसंगी घातक होय.

आपल्याकडील शरीराची ठेवण हा आणखी एक विचार करण्याजोगा मुद्दा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत माता व बालके यांच्या पोषणाचा अभ्यास आरंभिला. तेथील नवजात बालकांचे वजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधील बालकांचे ३.५ किलो होते. तथापि आपली बालके स्नायूंनी जितकी उणी होती, तितकी मेदाने उणी नव्हती. अंगकाठी बारीक, पण मेदाचा अंश अधिक, अशी ही ठेवण जन्मापासूनच असते. म्हणूनच आपल्या माणसाला तुलनेने थोड्या वाढीव वजनावरही मधुमेह व रक्तदाब जडतात. भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असावा, असा अंदाज भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत व्यक्त झाला आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ स्पष्ट आहे. मधुमेहात पायाची संवेदना कमी होते, काटा रुतला तरी कळत नाही आणि चिखलात काम करणाऱ्या पायाची जखम चिघळते. गुडघे वजनाने झिजले तर खुरपणीला बसणे कठीण होते. घरातील कर्त्या माणसाचा हंगाम बुडाला, तर ती हानी साऱ्या घराची असते.

वजन जादा आहे हे कसे ओळखावे

यासाठी शिंप्याची टेप पुरेशी आहे. बेंबीच्या थोडे वर, शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडून माप घ्यावे. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरांहून व स्त्रीची ८० सेंटिमीटरांहून अधिक भरल्यास तो इशारा समजावा. उंचीच्या मानाने वजन पाहावयाचे झाल्यास, १६० सेंटिमीटर उंचीच्या प्रौढाचे वजन ५९ किलोंपलीकडे गेले की ते जादा होय. ६४ किलोंपलीकडे गेले की आपल्याकडील वैद्यकीय मापाने तो लठ्ठपणा ठरतो. तिशी उलटलेल्या प्रत्येकाची माहिती आशा सेविका भरून घेतात, त्यात कमरेचे माप असते. ते टाळू नये. आयुष्मान आरोग्य मंदिरात रक्तदाब व रक्तातील साखर तपासून मिळते, तिचाही लाभ घ्यावा.

साखर आणि तेल यांचा हिशेब

शेतीच्या जमाखर्चात बारीकसारीक बाबीच शेवटी भारी ठरतात. तसेच येथेही आहे. शेतावर, पारावर, पाहुण्यांबरोबर आणि बाजारच्या दिवशी मिळून सहा कप चहा होणे आपल्याकडे नवल नाही. कपाला दोन चमचे साखर धरली तर दिवसाला ६० ग्रॅम, म्हणजे वर्षाला सुमारे २२ किलो साखर एका माणसाच्या पोटात जाते. तिच्यापासून दररोज २४० उष्मांक मिळतात. ही साखर निम्म्यावर आणली तर १२० उष्मांक वाचतात, आणि अर्धा तास झपझप चालल्यास सुमारे तेवढेच खर्ची पडतात. एक किलो मेदात सुमारे ७,७०० उष्मांक साठलेले असतात. म्हणजे एवढ्या दोनच बदलांनी महिन्याकाठी एक किलोच्या आसपास वजन कागदावर तरी उतरते. प्रत्यक्षात ते काहीसे कमी उतरेल, कारण शरीरही काटकसर करू लागते. पण दिशा हीच राहील.

तेलाचे एक ग्रॅम नऊ उष्मांक देते, पिठाचे एक ग्रॅम साडेतीनच्या आसपास. प्रौढ माणसास दिवसाकाठी तेलतूप मिळून २५ ते ३० ग्रॅम पुरते. पाच माणसांच्या घराने महिन्याला सुमारे ४ किलोंत भागवावे. डबा आणला त्या दिवशी त्यावर तारीख लिहून ठेवावी, म्हणजे खप आपोआप कळतो. फरसाण, वडापाव, भजी ही बाजारच्या दिवसापुरती असावीत.

उपवासाची गोष्ट वेगळी सांगावयास हवी. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपल्याच पूर्वजांनी करून ठेवली आहे. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट होय. त्यात दाण्याचे कूट, तूप व तळलेले पापड यांची भर पडली की उपवासाचे ताट रोजच्या ताटाहून जड होते. त्याऐवजी थोडी भगर, ताक, काकडी व एखादे फळ घ्यावे.

ताट कसे वाढावे

ताटाचे मनाने चार भाग करावेत. त्यांपैकी दोन भाग भाजी व कोशिंबीर, एक भाग भाकरी किंवा भात, आणि एक भाग वरण, उसळ, दही, अंडी किंवा मासळी असावा. यासाठी बाजाराकडे धाव घेण्याचे कारण नाही. मेथी, शेपू, चाकवत, अंबाडी, तांदुळजा, गवार, दोडका, दुधी ही भाजी परसबागेत होते. मटकी, हुलगा, मूग व हरभरा आपल्या रानचाच असतो. ज्वारी व बाजरी यांत तंतूचा अंश चांगला असल्याने पोट लवकर भरल्यासारखे वाटते. मात्र ज्वारी आरोग्याला चांगली म्हणून ती कितीही खावी, असा अर्थ कोणी घेऊ नये. शंभर ग्रॅम पिठात ३३० च्या वर उष्मांक असतातच. चार भाकऱ्या खाणाऱ्याने तीन खाव्यात आणि चौथीची जागा भाजीला द्यावी.

घरातील स्त्रियांनी एका सवयीकडे विशेष लक्ष द्यावे. सर्वांचे जेवण आटोपल्यावर उरलेले वाया जाऊ नये म्हणून आपण संपवून टाकणे, ही काटकसर नव्हे. त्यात भाजी संपलेली असते आणि भात उरलेला असतो. स्वयंपाक मोजून करावा, आणि स्त्रीने सर्वांबरोबर बसून भाजी, वरण यांसह जेवावे. एकासाठी वेगळा पदार्थ शिजविण्याचा भार सुनेवर टाकण्यापेक्षा साऱ्या घरानेच ताट बदलणे सोपे व टिकाऊ असते.

कामाच्या मोसमाप्रमाणे सवयी

पेरणी, कोळपणी व काढणी या दिवसांत अंगमेहनत पुरेशी होते. तेव्हा खाण्यात मोठी कपात करू नये. वजन चढते ते सुगीनंतरच्या मोकळ्या दिवसांत. नेमकी तेव्हाच लग्नसराई असते. या दिवसांत भाकरी कमी करावी व चालणे वाढवावे. आठवड्याला किमान १५० मिनिटे झपझप चालणे, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास, आवश्यक मानले आहे. शेत एक-दीड किलोमीटरवर असेल, तर मोटारसायकल घरी ठेवली की हे काम साधते. आठवड्यातून दोन दिवस ओझे उचलणे, खोदणे, बैठका असे स्नायूंना ताण देणारे कामही घडावे; स्नायू टिकले तर शरीराचा खर्च टिकतो.

झोपेचा संबंधही येथे येतो. रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी देणाऱ्यांची झोप मोडते, आणि अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशी भूक, विशेषतः गोडाची, वाढते. पाळीच्या रात्री जेवण लवकर व हलके घ्यावे, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी थोडी झोप काढावी.

उतरलेले वजन टिकविणे

वजन उतरविणे हे अर्धेच काम होय. उपाशी राहून झपाट्याने उतरविलेले वजन बहुधा परत येते. त्याला मनाचा दुबळेपणा म्हणणे अन्यायाचे आहे. वजन घटले की शरीर दुष्काळ पडल्यासारखे वागते. खर्च आवरते आणि भूक वाढविणारे स्राव जास्त सोडते. ही स्थिती वर्षभर राहिल्याचे अभ्यासांत दिसून आले आहे. म्हणून आठवड्याला अर्ध्या किलोहून अधिक घाई करू नये, आणि आयुष्यभर पाळता येईल असाच बदल स्वीकारावा. अमेरिकेत १९९४ पासून, उतरविलेले वजन टिकवून धरणाऱ्यांची एक नोंदवही ठेवण्यात आली आहे. त्या लोकांत बहुतेकांच्या सवयी साध्याच आढळल्या: नियमित न्याहारी, आठवड्यातून किमान एकदा वजन पाहणे आणि रोज सुमारे तासभर हालचाल.

आपणही दर आठवड्यास ठरलेल्या वारी, एकाच काट्यावर, न्याहारीपूर्वी वजन करून भिंतीवरील दिनदर्शिकेत लिहावे. वजन दोन किलोंनी चढलेले दिसताच पुन्हा साखर व तेल यांचा हिशेब पाहावा. पाच-सहा किलो चढण्याची वाट पाहू नये. मूळ वजनाच्या पाच ते दहा टक्के उतार टिकला तरी रक्तदाब व साखर यांत लाभ होतो. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांचा अमेरिकेत अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. सुमारे सात टक्के वजन उतरविणे व आठवड्याला १५० मिनिटे हालचाल, एवढे उद्दिष्ट ठेवल्याने मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. भारतातील अशाच अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २००६ साली आले, ही घट सुमारे २८ टक्के होती.

कोणी जपून वागावे

गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, वाढीच्या वयातील मुले आणि क्षयाचे रोगी यांनी आहार घटवू नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्यावाचून जेवण कमी केल्यास साखर एकदम उतरून भोवळ येण्याचा धोका असतो. काहीही न करता वजन घटू लागले, तर तो रोगाचा संशय समजून तपासणी करावी. जाहिरातीतील चूर्णे व पावडरी यांवर पैसा घालवू नये. वजन घटविणारी नवी इंजेक्शने निघाली आहेत, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाची असतात, आणि ती थांबविल्यावर बरेचसे वजन परत येते.

कार्यकर्त्यांसाठी

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी या विषयावर चारचौघांत कोणाचे नाव घेऊन बोलू नये. थट्टेने माणूस दुखावतो आणि पुढे तपासणीलाही येत नाही. आधी टेप स्वतःच्या कमरेभोवती लावून दाखवावी. बचत गटाच्या बैठकीत चहा होतो, तेथे साखर निम्मी करण्याचा ठराव करून पाहावा. गावातील पाच कुटुंबांनी तीन महिने साखर, तेल व वजन यांची वही ठेवल्यास इतरांना सांगण्यास ती पुरेशी होईल. ज्या घरी कृश बालक किंवा अशक्त माता असेल, तेथे मात्र हा विषय बाजूस ठेवून प्रथम त्यांच्या ताटात काय पडते याची चौकशी करावी.